रंधा मशीनचं पाणी आटलं

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. माझी शाळा आठवीत सुटली, भारी शब्द माझ्याकडे नाहीत. खांडबाऱ्याच्या मिथुन सुताराचं जे झालं, ते साध्या शब्दांत सांगतो.

मिथुनची सासू, सुगंधाबाई, दुखरे गुडघे धरून लेकीकडे आली होती. तिला खाली बसवत नव्हतं, आणि घरात बसायला धड दिवाण नव्हता (सुताराच्या घरात तो कधीच नसतो). "शुक्रवारपर्यंत दिवाण करतो," लग्नानंतर पहिल्यांदाच मिथुन सासूबाईंशी पूर्ण वाक्य बोलला. आता ते खरं करणं भाग होतं.

फळ्या तासायचं जुनं रंधा मशीन त्याने नुकतंच घेतलं होतं. पण मोटर थ्री फेजची, घरची वीज सिंगल फेज. म्हणून फेज कन्व्हर्टर घ्यायला तो गुरुवारी नंदुरबारला रूपचंदशेठच्या दुकानात गेला. बाकावर काही शेतकरी चहा पीत होते.

"मोटर कितला एचपीनी?" शेठने विचारलं.

"तीन."

"आनि पानी कितला फूटवर शे?"

पाणी? मिथुनने तोंड उघडलं. तेवढ्यात सगळा बाक त्याच्याकडे वळला. त्याचे कान तापले.

"दोनशे," तो म्हणाला.

"अरेरे! मंग तुले हाऊ बोअरनाच लागी. पानी सरनं का आपेआप बंद. अर्धा तास पानी साचू देस, मंग चालू."

घरी येऊन मिथुनने बटण दाबलं. मशीन झकास फिरलं, आणि गप्प. लाल दिवा लागला.

"काय व्हयनं?" बायको भूमिकाने विचारलं.

"पानी सरनं."

"कशानं पानी? लाकूडनं मशीन शे, हाई सांगं नही का तुम्ही?"

"त्यानी इचारं नही."

गंमत अशी, की फळी मशीनमध्ये असेतोवर मोटरवर जोर असे. फळी बाहेर पडली की मोटर हलकी, आणि कन्व्हर्टरला वाटे बोअर कोरडी. मग अर्धा तास सुट्टी! ती टाळायला एकामागून एक फळी घालत राहणं आलं. मिथुन घाले, भूमिका पलीकडे धरे आणि पळत आणून पुन्हा देई. फळ्या झिजून संपत आल्या तशी सुगंधाबाई ओरडली, "थांबू नका, पानी सरी!" आणि तिने पाय टेकायला घेतलेला पाटही पुढे केला.

संध्याकाळी दिवाणाच्या फळ्या पापडासारख्या झाल्या होत्या. सुगंधाबाईने एक बोटाने दाबली. ती मोडली.

"जावाई गुनी शे," ती लेकीला म्हणाली. "फक्त दुकानमा त्याले एकला धाडू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिथुन एकटाच गेला. 'शेठ, माझ्याकडे बोअर नाही,' हे वाक्य त्याने गाडीत नंदुरबारपर्यंत घोकलं. पण त्याचा पडलेला चेहरा पाहून रूपचंदशेठच उठले. "पानी आटनं ना, भाऊ?" बाकावरच्या शेतकऱ्यांनी सरकून त्याला जागा दिली. एकाने स्वतःचा चहा पुढे केला. इतक्या मायेच्या माणसांना खोटं कसं पाडायचं?

"हो," मिथुन म्हणाला. मग पाईप आणखी खोल सोडायला हवा, असं सगळ्या बाकाने ठरवलं.

दुपारच्या आत तो खांद्यावर बोअरच्या काळ्या पाईपचं भलंमोठं वेटोळं घेऊन घरी आला आणि ते अंगणात ठेवलं. सुगंधाबाई त्यावर हळूच टेकली. गुडघे दुखले नाहीत.

"बेस शे," ती म्हणाली. "पन जावाई, दिवान गोल का बरं करा?"