नेढ्याच्या वळणावरील बत्त्यांची हकीगत

श्री. प्रकाशाचा जो स्वामी त्यास, आणि अंधारी वाट चालतात त्या समस्त जीवांस नमन करून हकीगत लिहिली ऐसीजे. शके १९२८, व्ययनाम संवत्सरी, घाटमाथ्यावरील एका गावी दोघे सख्खे बंधू नांदत होते, थोरले हैबतराव आणि धाकटे मानाजीराव. तीर्थरूप होते तोवर घर एक होते. ते कैलासवासी जाहले आणि वरच्या रानाच्या वाटणीवरून बिघाड पडला, आणि मग सहा वर्षे शब्दास शब्द नाही, एकमेकांचे दारी पाऊल नाही. तीर्थरूपांनी लष्कराच्या लिलावातून दोन जीपगाड्या एकाच दिवशी आणिल्या होत्या, चारी चाके ओढणाऱ्या, चिखलास वा चढास न डगमगणाऱ्या; त्या दोघांनी एकेक वाटून घेतल्या. थोरले सायंकाळी दुधाच्या किटल्या घालून पेठेस उतरत आणि धाकटे त्याच सुमारास पेठेचे काम उरकून वर चढत, आणि दोघांची गाठ नित्य नेढ्याच्या वळणावर पडे, जेथे एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, आणि वाट अरुंद. घाटाची रीत ऐसी की समोर गाडी दिसताच बत्ती खाली नमवावी. परंतु थोरल्यांचे म्हणणे, धाकट्याने आधी नमवावी, मान वडिलकीचा. आणि धाकट्यांचे म्हणणे, घाट चढतो त्याचा मान आधी. ऐसे होता होता दोघेही नमवीनासे जाहले.

गाड्या पुराण्या, बत्त्या साठ वॅटच्या, पिवळ्या, कंदिलासारख्या. भाद्रपदात धुके दाटले तेव्हा मानाजीरावांनी पेठेत जाऊन शंभर वॅटचे बल्ब बसवून घेतले. दुसरे दिवशी वळणावर थोरल्यांचे डोळे दिपले आणि गाडी मागे घ्यावी लागली. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. मग ते दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानी गेले. दस्तगीर म्हणजे गाड्यांच्या विजेच्या कामात चाळीस वर्षे मुरलेला माणूस. दोन्ही गाड्यांची अंतरंगे त्यास ठाऊक. थोरल्यांनी एकशेतीसचे बल्ब मागितले. दस्तगीरने अर्ज केला की बल्ब देतो, परंतु गाडीच्या वायरी जुन्या आणि बारीक, स्विच तापेल, जळेल. आधी जाड वायर ओढू, रिले बसवू म्हणजे स्विचावर भार येणार नाही, दोन दिवस गाडी ठेवा. हैबतराव गाडी चालू ठेवूनच उभे होते. बोलिले, "वायर मागाहून. बल्ब आज." आणि बल्ब घालून निघाले.

चौथे दिवशी, दिवेलागणीस, धुके ऐसे की बोनेटापुढे दिसेना. मानाजीराव वर येत होते, सोबत त्यांचे कुटुंब मैनाबाई. वळणावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या आणि दोन्हींनी बत्ती चढती ठेविली. एकशेतीसचा झोत धुक्यावर आदळून पांढरी भिंत जाहली, मानाजीरावांस वाट दिसेना, त्यांनी गाडी डोंगराच्या अंगास दाबिली आणि डावी चाके गटारात जाऊन गाडी कलंडली. मैनाबाई खरचटून बाहेर आल्या. मानाजीरावांचा पाय मांडीपासून गाडीखाली सापडला. हैबतराव क्षणभर जागीच बसून राहिले. मग उतरले, दोर बांधला, चारी चाकांचा गियर टाकून कलंडलेली गाडी इतकी उचलिली की पाय मोकळा व्हावा, आणि स्वतः मैनाबाईंसह धाकट्यांस उचलून आपल्या गाडीत मागे निजविले. रक्त फार जात होते. मैनाबाईंनी पदर फाडून बांधिला. त्या जागी मोबाइलास रेंज नाही, मागेपुढे गाडी नाही, दवाखाना खाली दोन कोस. मग गाडी पेठेच्या अंगे हाकारिली.

दुसरे वळण उतरले न उतरले तोच जळका वास सुटला, स्टिअरिंगखालून धूर निघाला आणि दोन्ही बत्त्या एकदम गेल्या. स्विच वितळून गेला होता. इंजिन चालू, परंतु डोळ्यांपुढे केवळ चांदण्याने करडे दिसणारे धुके आणि कोठेतरी दरी. हैबतरावांनी ब्रेक दाबून धरिला. मागे धाकटे कण्हत होते, ते एकदा "दादा" इतकेच म्हणाले आणि गप्प जाहले. तेसमयी मैनाबाई उतरल्या, पतीच्या खांद्यावरील पांढरे उपरणे घेतले, आपल्या पाठीवर पसरून बांधिले आणि गाडीपुढे येऊन उभ्या राहिल्या. सहा वर्षांत थोरल्या दिरांशी बोलल्या नव्हत्या, त्या बोलिल्या, "मी कडेकडेने चालते. माझ्या पाठीवर नजर ठेवा."

हैबतराव म्हणाले, "त्या बाजूस दरी आहे."

"म्हणूनच तिकडून चालते. मी दिसेनाशी झाले तर थांबा."

आणि त्या चालू लागल्या, आणि मागे गाडी पहिल्या गियरात, बैलगाडीहून धिमी. चप्पल एके ठिकाणी चिखलात राहिली, ती घ्यावयास थांबल्या नाहीत. हैबतरावांनी त्या दोन कोसांत रस्ता पाहिला नाही, दरी पाहिली नाही, एक पांढरी पाठ तेवढी पाहिली. पेठेचे दिवे दिसले, दवाखाना आला, तेव्हा मैनाबाई त्याच्या पायरीवर बसल्या आणि उठेनात, पाय फुटले होते. मानाजीराव वाचले. पाय राहिला, परंतु अधू.

तिसरे दिवशी हैबतराव, एका गड्यास धाकट्यांच्या गाडीवर बसवून, दोन्ही गाड्या घेऊन दस्तगीरकडे गेले आणि खुर्चीवर न बसता उभे राहिले. दस्तगीरने जळक्या वायरी काढिल्या, जाड घातल्या, रिले बसविले, अर्थिंगचा गंज खरवडिला आणि तेच जुने साठ वॅटचे बल्ब घालून भिंतीवर झोत पाडिला. उजेड स्वच्छ पडला. बोलिला की बल्बांचा दोष कधीच नव्हता, वीज त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. हैबतराव त्या भिंतीकडे फार वेळ पाहत राहिले, आणि मग गाड्या घेऊन माघारे आले, आणि धाकट्यांची गाडी त्यांच्या दारी उभी करून किल्ली मैनाबाईंच्या हाती दिली.

वाटणीचा निकाल अद्याप जाहला नाही. रान दोघांच्या मधे आहे तसे आहे. बंधू बोलतात, थोडे बोलतात. पुढे ही हकीगत लिहिणाराने मैनाबाईंस पुसिले की त्या समयी दरीचे भय वाटले काय. त्या म्हणाल्या, "दरीचे नाही. मागे गाडी कोण चालवीत होते, त्याचे वाटत होते. पण वळून पाहिले नाही."

जैसे घडले तैसे लिहिले. अधिक उणे करणारा मी कोण.