फुजैलच्या पेडलचा उतरलेला सूर

"भिकाजी नाचणकर, खाजगी गुप्तहेर. तीस वर्षांचा अनुभव. माणूस बोलला तर खोटं पकडतो, गप्प बसला तर जास्तच पकडतो."

हा मजकूर पुतणी नम्रतानं चार वेळा टाईप केला होता, कारण भिकाजीकाकांना दर वेळी स्वतःबद्दल आणखी काही थोर आठवायचं. तीस वर्षांचा अनुभव खरा होता. फक्त तो विजेचे मीटर वाचण्याचा होता.

"पोलिसाला लोक दार उघडत नाहीत, नम्रता," काका सांगत. "मीटरवाल्याला उघडतात. रत्नागिरीत कुणाच्या जिन्याखाली काय आहे हे मला पाठ आहे."

यातही खोटं काही नव्हतं. जिन्याखालचं त्यांना पाठ होतं. डोळ्यांसमोरचं तेवढं दिसत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुतणीच्या टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकलं आणि पुतणीला सहायक नेमलं. नेमणुकीचं कारण एवढंच, की टाईपरायटर तिचा होता. आतापर्यंत त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. त्यांतली दोन हरवलेल्या कोंबड्यांची होती, आणि दोन्ही कोंबड्या आपल्या पायांनी घरी परतल्या होत्या.

२००२ सालच्या मे महिन्यात एका दुपारी धाकूशेठ घामाघूम होऊन दुकानात शिरले. लाटालहरी ऑर्केस्ट्राचे ते मालक. सनईपासून पॉपपर्यंत काहीही पुरवायचे.

"भिकाजीराव, घात झालाय," ते म्हणाले. "रविवारी जयगडला कार्यक्रम, आणि आज माझ्या हॉलात सूर मारला गेला."

काकांनी लगेच टोपी घातली. "मारला गेला तेव्हा हॉलात कोण कोण होतं?"

हकिकत अशी होती. ऑर्केस्ट्राच्या गायिका गंगाबाई कुठल्या पट्टीत गाणार, हे स्टेजवर चढेपर्यंत खुद्द गंगाबाईंनाही ठाऊक नसे. तालमीत काळी पाच सांगायच्या आणि माइक हातात आला की काळी चार धरायच्या. बाकीचे वादक सांभाळून घेत, गिटारवाल्याची तारांबळ उडे. यावर राजिवड्याच्या फुजैलनं, म्हणजे त्या गिटारवाल्यानंच, उपाय आणला होता. त्याच्या मेहुण्यानं मस्कतहून एक पेडल पाठवलं होतं. शिलाई मशिनच्या पायट्यासारखं ते दिसे. टाच टेकलेली असली की गिटार मूळ सुरात वाजे, चवडा पूर्ण दाबला की अख्खी गिटार ठरवलेल्या पट्टीत खाली उतरे. बोटं जिथल्या तिथं.

तेवढ्यात पालीचा ऋत्विक मुंबईहून सुट्टीला आला आणि येताना स्वतःचं पेडल घेऊन आला. त्याला पायटा नव्हता, नुसतं बटण. एक थाप मारली की काम झालं. ऋत्विकचं गिटारपेक्षा तोंडच जास्त वाजे, त्यामुळे धाकूशेठवर छाप पडली. शेवटी ठरलं की दोन्ही पेडलं एकाच गाण्यावर वाजवून बघायची, आणि ज्याचं सरस ठरेल त्याला हंगामभर ठेवायचं.

"आणि फुजैलचं पेडल फसलं," धाकूशेठ म्हणाले. "आठ दिवस नीट चाललेलं, आज नेमकं फसलं. गंगाबाई एका गावाला निघाल्या, गिटार दुसऱ्या. मला विचाराल तर लांज्याच्या ऑर्केस्ट्रा पार्टीनं पोराला फोडलंय. मी तसं सगळ्यांसमोर बोललो त्याला."

"तो काय म्हणाला?" नम्रतानं विचारलं.

"म्हणाला, एकदा यंत्र बघू द्या. मी हात लावू दिला नाही. पुरावा नष्ट करायचा."

"शाबास," काका म्हणाले.

हॉलात फुजैल भिंतीशी उभा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दिवसा मासेमारीची जाळी विकणारा. मेहुण्यानं त्याला मस्कतला बोलावलं होतं, गिटारपायी हा गेला नव्हता. मेहुणा रागावला, पण पेडल पाठवलं. हे गंगाबाईंनी नम्रताला दारातच सांगितलं, आणि फुजैलचा चेहरा इतका कशानं पडलाय ते तिला कळलं.

काकांनी आल्या आल्या फुजैलचं पेडल प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधलं.

"काका, मला एकदा हातात द्या," फुजैल म्हणाला. "दोन मिनिटांत बघतो."

"आरोपीच्या हातात पुरावा देत नाहीत."

"मी आरोपी आहे?"

"अजून नाहीस. घाई करू नकोस."

मग गंगाबाईंचा जबाब झाला. त्या म्हणाल्या, "तालमीत काळी पाच होती. आज मी काळी चार घेतली, आणि गिटार मधल्या फटीत अडकली."

काकांनी वहीत लिहिलं: काळ्या पाच होत्या. आज चार. एक काळी गायब.

"पाचवी काळी शेवटची कुणी पाहिली?" त्यांनी हॉलभर नजर फिरवत विचारलं.

"काका, त्या पेटीच्या पट्ट्या आहेत," नम्रता हळूच म्हणाली. "काळ्या आणि पांढऱ्या."

"मला माहीत आहे. समोरचा गाफील राहावा म्हणून विचारलं."

समोर धाकूशेठ पेटीच्या काळ्या पट्ट्या मोजत होते.

काकांचा दुसरा सिद्धांत विजेचा होता आणि त्यात ते अधिकारवाणीनं बोलत. व्होल्टेज उतरलं की दिवा उतरतो, पंखा उतरतो, मग सूर का उतरू नये? त्यांनी हॉलातले सगळे पंखे बंद करायला लावले, मीटरसमोर स्टूल घेतलं आणि पाऊण तास चाकाच्या फेऱ्या पाहिल्या. मे महिना आपलं काम करत राहिला. तबलजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. ऋत्विकच्या केसांना लावलेलं काहीतरी वितळून कपाळावर आलं.

"पण माझं पेडलही त्याच लाईनवर होतं," ऋत्विक म्हणाला. "ते कुठं उतरलं?"

"म्हणजे तुझ्यावर दाट संशय आहे," काका म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

फुजैलनं पुन्हा पेडल मागितलं. काकांनी पिशवीला आणखी एक गाठ मारली.

तिसरा सिद्धांत पावलांचा. पिशवीतूनच काकांनी पेडलवरचा ठसा भिंगानं तपासला, मग सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून एकेकाचे तळवे पाहिले. धाकूशेठच्या तळव्याला भोवरी निघाली, तीही वहीत गेली. शेवटी काका हॉलाच्या मधोमध उभे राहिले.

"ठसा जुळला. यंत्रावरचं पाऊल फुजैलचं आहे."

नम्रताला वाटलं, आता तरी कुणीतरी बोलावं.

"काका," शेवटी तीच म्हणाली, "ते पायानं वाजवायचं यंत्र आहे."

"म्हणूनच तर त्यानं पाय वापरला. किती थंड डोक्याचा आहे बघ."

धाकूशेठनी मान डोलावली. "मी आधीच म्हटलं होतं. मस्कतचा माल, आणि मन लांज्यात. ऋत्विक, रविवारी तू ये."

फुजैलनं गिटार खोळीत घातली. चेन अडकली, ती ओढत तो खाली बघतच म्हणाला, "शेठ, मी सात वर्षं तुमच्याकडे वाजवतो. मला एकदा विचारायचं होतंत."

नम्रताला तिथं उभं राहवेना. आपण या टोपीवाल्याच्या सहायक आहोत याची तिला त्या क्षणी जेवढी लाज वाटली तेवढी कोंबड्यांच्या वेळीही वाटली नव्हती.

याच वेळी हॉल झाडणारी तुळसा सूप घेऊन आत आली आणि सरळ स्टेजवर चढली.

"तपास चालू आहे," काका म्हणाले.

"चालू दे. माज्या आठळ्या भरून नेतंय. पंखं बंद कुणी केलान?" ती म्हणाली. स्टेजच्या मागच्या कडेला फडक्यावर तिनं फणसाच्या आठळ्या वाळत घातल्या होत्या. "भायेर माकडा कायच ठेवत नायत, म्हणून काल हितं पसरल्या." बोलता बोलता तिची नजर टेबलावरच्या पिशवीवर गेली. "आणि ही माजी आठळी तुमी पिशवीत कशाला बांधलीव?"

सगळे पिशवीभोवती जमले. पायट्याच्या पुढच्या टोकाखाली, अगदी आत, एक टपोरी आठळी रुतून बसली होती. चवडा कितीही दाबा, पायटा पुरता खाली जातच नव्हता. गिटार काळी चारपर्यंत पोचायच्या आतच आठळीवर अडत होती.

फुजैलनं गाठी सोडायची वाट पाहिली नाही. पिशवी फाडली, पेन्सिलीनं आठळी उडवली, गिटार जोडली आणि चवडा दाबला. गिटार गंगाबाईंच्या पट्टीत अलगद उतरली. गंगाबाईंनी बसल्या जागी एक ओळ गुणगुणली, आणि दोघं एकाच गावाला पोचले.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," काका म्हणाले, "गुन्हेगार आतला आहे."

"फणसाच्या," नम्रता म्हणाली.

तुळसा आपली आठळी पुसून सुपात टाकून निघून गेली. धाकूशेठ घाईघाईनं टाळ्या वाजवत म्हणाले, "चला, मिटलं. मला काही संशय नव्हताच. फुजैल, रविवारी वेळेवर ये."

"मिटलं कसं?" गंगाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर मागे घ्या."

धाकूशेठनी इकडे तिकडे पाहिलं. नम्रता फुजैलजवळ वाकली. "माइक या पेडलातून जातो का रे?"

"जातो ताई. पिन बसली की झालं." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दुपारभरात पहिल्यांदाच त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं पेडलवरचा एक खटका 'खाली'वरून 'वर'कडे सरकवला.

माइक हातात आल्यावर धाकूशेठना बरं वाटलं. त्यांनी घसा खाकरला, छाती काढली. फुजैलनं चवडा दाबला.

"फुजैल, माझी चूक झाली. मला माफ कर."

दोन्ही स्पीकरांतून हे वाक्य बालवाडीतल्या पोरीच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं असं हॉलभर घुमलं. तबलजी खुर्चीवरून घसरला. धाकूशेठ माइककडे बघत राहिले.

"तुलना राहिलीच की," गंगाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता ऋत्विकच्यातून बोला."

ऋत्विक नको नको म्हणत होता, पण वायर जोडली गेली. धाकूशेठनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आधी नुसते ओठ हलले, मग आवाज आला, आणि तोही असा की दोन धाकूशेठ एकमेकांवर ओरडताहेत. ऋत्विकनं आपलं पेडल गुपचूप खोक्यात ठेवलं.

"रविवारी येतोस ना?" धाकूशेठनी विचारलं.

"रविवारी येतो," फुजैल म्हणाला. "पुढचं मेहुण्याशी बोलून सांगतो."

संध्याकाळी दुकानात काकांनी अहवाल सांगितला: आमच्या कुशल मार्गदर्शनाखाली आठळी ताब्यात घेण्यात आली. नम्रतानं तो शब्दाला शब्द टाईप केला. ते टोपी घेऊन घरी गेल्यावर तिनं कागद पुन्हा मशिनवर चढवला आणि खाली जोडलं:

"दोन्ही पेडलांची तुलना पुढीलप्रमाणे. फुजैल यांच्या पेडलमधून माफी वेळेवर आणि स्वच्छ आली. ऋत्विक यांच्या पेडलमधून उशिरा आणि दुहेरी आली. श्री. धाकूशेठ यांच्या मूळ आवाजात ती अद्याप आलेली नाही."