न्याय सुंद्राबाईच्या ढोलीशी

मुलांनो, एका जंगलात न्याय भरपूर होता. फक्त तो नदीपलीकडे होता.

त्याच जंगलात, नदीच्या अलीकडे, एका जुन्या बेहड्याच्या झाडावर सुंद्राबाई नावाची धनेशीण राहायची. धनेश पक्षी तुम्ही पाहिला नसेल. हा एवढा मोठा असतो, आणि एका चोचीवर दुसरी चोच विसरून ठेवल्यासारखा दिसतो. या पक्ष्यांत एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग तिची पंखांची पिसं गळून पडतात. पिल्लू मोठं होईपर्यंत नवऱ्याने बाहेरून फळं आणायची आणि फटीतून भरवायची.

तुम्ही म्हणाल, नवऱ्यावर एवढा विश्वास? होय, मुलांनो. पक्ष्यांना आपल्याइतकी अक्कल नसते.

सुंद्राबाईच्या नवऱ्याचं नाव रंगराव. दिसायला देखणा, आवाज भारदस्त. सुरुवातीला तो रोज यायचा, उंबरं आणायचा, फटीतून भरवायचा आणि "अजून हवं का?" असंही विचारायचा. नंतर विचारणं बंद झालं. मग एक दिवस येणंही बंद झालं.

सुंद्राबाईने वाट पाहिली. अंड्यावर बसून दुसरं काही करताही येत नाही. मग तिने फटीतून चोच बाहेर काढली आणि ओरडायला सुरुवात केली.

त्याच झाडावर वरच्या फांदीला गजराबाई नावाची शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. ती खाली उतरली.

"काय गं सुंद्रे, कशाला कोकलतेस?"

"हे आले नाहीत."

"तुझे हे पलीकडच्या डोंगरावर आहेत. मोठ्या उंबरावर चार टवाळ धनेश जमलेत, त्यांच्यात बसलेत. संसारातून मोकळा झालो म्हणून सांगत होते."

सुंद्राबाईने चोच आत ओढून घेतली. आत अंधार होता, त्यामुळे तिचा चेहरा गजराबाईला दिसला नाही. दिसला नाही ते बरंच झालं.

"मग मी काय खाऊ?" ती आतून म्हणाली.

गजराबाईने हातातलं उंबर फटीतून आत सारलं. "हे खा. आणि उपकार मानत बसू नकोस. तू ओरडतेस आणि माझी दुपारची झोप मोडते, म्हणून देतेय."

दुसऱ्या दिवशी गजराबाई सुंद्राबाईच्या वतीने न्याय मागायला निघाली. पुलासारख्या वाकलेल्या एका झाडावरून ती नदीपलीकडे गेली.

तिथे न्यायमूर्ती अजगरसाहेब बसत. बसत म्हणजे पसरत. त्यांची पद्धत अशी होती की समोर आलेलं प्रकरण ते आधी पूर्ण गिळत आणि मग पचवत. पचेपर्यंत निकाल नाही. कधीकधी प्रकरणाबरोबर पक्षकारही गिळला जाई, पण त्याला न्यायालयाचा इलाज नव्हता.

गजराबाईने सगळं सांगितलं.

"अर्जदार कुठे आहे?" अजगरसाहेबांनी विचारलं.

"ढोलीत आहे, साहेब. लिंपून घेतलंय."

"अर्जदाराने जातीने हजर राहायला हवं."

"तिला पिसं नाहीत, साहेब. आणि अंड्यावरून उठली तर अंडं गार होईल."

अजगरसाहेबांनी विचार केला. "मग अंडंही घेऊन यावं," ते म्हणाले, आणि त्यांच्या जिभेचं टोक सहजच बाहेर येऊन गेलं.

गजराबाई परत आली. वाटेत तोडलेली उंबरं तिने फटीतून आत दिली आणि सांगितलं, "तिकडे जाऊ नकोस."

"जाऊ शकत असते तर अर्ज कशाला केला असता?" सुंद्राबाई म्हणाली.

आता असं झालं, मुलांनो, की शेजारच्या जंगलाची वाघीण सिंहमहाराजांकडे पाहुणी आली. जेवण झाल्यावर तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे गोरगरिबांना न्याय मिळतो का?"

महाराजांनी प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने आभाळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी महाराजांनी समिती नेमली.

समितीचे अध्यक्ष होते बगळे. एका पायावर तासन्‌तास स्थिर उभं राहण्याचा त्यांना अनुभव होता आणि तोच समितीच्या कामाला लागतो. बगळे समितीने ठिकठिकाणच्या तळ्यांना भेटी दिल्या. न्यायाचा आणि तळ्यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. मासे विचारणार होते, पण ते पुढे दिसले नाहीत. शेवटी समितीने अहवाल दिला: जंगलात न्याय आहे, प्रजाही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. तेव्हा न्याय सुलभ करावा.

लगेच कामं सुरू झाली. न्यायालयाच्या कुंपणाला एकच दार होतं, तिथे आणखी पुष्कळ दारं पाडली. पूर्वी एका दारात एक कोल्हे वकील उभे असत. आता प्रत्येक दारात एकेक उभे राहिले. भाषाही सोपी केली. 'पोटगी' हा शब्द प्रजेला कळत नाही असं समितीचं मत पडलं, म्हणून त्याऐवजी 'विभक्त-सहचर-उदरभरण-सहाय्य' असं म्हणायचं ठरलं.

हे सगळं गजराबाई फांदीवर बसून सांगायची आणि सुंद्राबाई आतून ऐकायची.

"मला किती दारं मिळाली?" तिने विचारलं.

"पुष्कळ."

"आणि फट?"

"फट आहे तेवढीच आहे."

एव्हाना अंडं फुटलं होतं. पिल्लू बाहेर आलं होतं, उघडंनागडं आणि सदा भुकेलं. सुंद्राबाई स्वतः अर्धं उंबर खायची आणि दीड पिल्लाला द्यायची. हे गणित कसं जमायचं ते आयांना विचारा.

मग एक दिवस बेहड्याच्या खोडावर सरडेकाका आले. नव्या नियमाने प्रत्येक घरगुती भांडणात आधी समेट घडवायचा होता, आणि त्यासाठी सरडेकाकांची नेमणूक झाली होती. ते येताना रंगरावांना घेऊन आले. रंगराव समोरच्या फांदीवर बसले. त्यांचं पोट चांगलं सुटलं होतं.

नवऱ्याच्या पंखांचा आवाज ऐकला आणि सुंद्राबाईने सवयीने चोच बाहेर काढून उघडली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ती मिटली. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बोला रंगराव," सरडेकाका म्हणाले. रंगरावांकडे तोंड करताच त्यांचा रंग पिवळाधमक झाला.

"माझी काही तक्रार नाही," रंगराव म्हणाले. "फक्त ही सारखी घरात बसून असते. बाहेर पडत नाही, चार माणसांत मिसळत नाही. नुसतं खायला मागते. पुरुषाने किती सहन करायचं?"

"खरं आहे," पिवळे सरडेकाका म्हणाले. मग ते ढोलीकडे वळले आणि त्यांचा रंग खोडासारखा करडा झाला. "बोला बाई."

"पिल्लाला भूक लागते," सुंद्राबाई म्हणाली.

"हेही खरं आहे," करडे सरडेकाका म्हणाले. मग त्यांनी मध्ये तोंड केलं, अर्धे पिवळे आणि अर्धे करडे झाले आणि तोडगा सांगितला. रंगरावांनी जमेल तेव्हा फळं आणावीत. सुंद्राबाईंनी जमेल तेवढीच भूक लावून घ्यावी.

"मला मान्य आहे," रंगराव म्हणाले आणि उडून गेले.

"मला नाही," सुंद्राबाई म्हणाली. पण तोवर सरडेकाकांचा रंग हिरवा झाला होता. म्हणजे ते पानांत दिसेनासे झाले होते.

समेट फसला तसा शेवटचा उपाय उरला. महाराजांची लाडकी योजना होती ती: 'न्याय तुमच्या ढोलीशी'. प्रजा न्यायापर्यंत येत नसेल, तर न्याय प्रजेपर्यंत जाईल.

आणि खरोखरच एका सकाळी अजगरसाहेब निघाले. पुढे ढोल, मागे कोल्हे वकील, आणि बाजूला कागदांचं भेंडोळं सांभाळत कारकून उंदीर. रस्ता लांबचा होता. वाटेत साहेबांच्या न्याहारीची सोय कुणीच केली नव्हती.

बेहड्याखाली आल्यावर साहेबांनी खोडाला विळखा घातला आणि ते वर सरकू लागले. सुंद्राबाईला आधी ढोल ऐकू आला. मग तो थांबला, आणि सालीवर काहीतरी जड घासत येत असल्याचा आवाज आला. तिने पिल्लाला पाठीमागे ढकललं.

फटीतून दिसणारं आभाळ झाकलं गेलं.

"घाबरू नका, बाई," अजगरसाहेब मायेने म्हणाले. "न्याय आलाय."

"साहेब, माझं म्हणणं बाहेरूनच ऐका."

"स्थळपाहणी करावी लागते. पिल्लू किती वाढलंय, त्याला किती लागतं, हे पाहिल्याशिवाय सहाय्य कसं ठरवणार?" असं म्हणून साहेबांनी फटीत नाक घातलं.

सुंद्राबाईला पिसं नव्हती, पळायला जागा नव्हती, आणि कायद्याचं ज्ञान तर अजिबात नव्हतं. चोच मात्र होती. उंबर फोडायला बनवलेली ती चोच तिने सगळी ताकद लावून साहेबांच्या नाकावर मिटली आणि सोडली नाही. आतून पिल्लू किंचाळत होतं. वरून गजराबाई साहेबांच्या डोक्यावर बेहड्याची फळं फेकत होती. खाली कोल्हे वकील "हा न्यायालयाचा अवमान आहे" असं म्हणत होते, पण चोच सोडवायला वर कुणी चढलं नाही.

शेवटी साहेबांनी झटका देऊन नाक सोडवून घेतलं आणि ते धप्पकन खाली पडले. थोडा वेळ ते तसेच पडून राहिले. मग त्यांनी शेजारी पाहिलं, कारकून उंदीर दिसला, आणि त्यांनी तो कागदांसकट गिळला.

"प्रकरण विचारार्थ घेतलं आहे," ते म्हणाले. ढोल वाजला आणि सगळे परत गेले.

त्या दिवशी ढोलीत सुंद्राबाईने पिल्लाला पोटाशी धरून ठेवलं. गजराबाई फटीपाशी बसून राहिली. अंधार पडेपर्यंत ती उठून गेली नाही.

प्रकरण पचायला फार वेळ लागला. कागद होता ना. तोवर इकडे सुंद्राबाईला पिसं आली. पिल्लालाही आली. गजराबाईने उंबरं, वडाची फळं, जे मिळेल ते आणलं आणि रोज कुरकुरत फटीतून दिलं. मग एका सकाळी सुंद्राबाईने आतून टोचे मारायला सुरुवात केली. वाळलेला चिखल ढपल्याढपल्यांनी खाली पडला. ती बाहेर आली, फांदीवर बसली, आणि उजेडाने तिचे डोळे चुरचुरले. मागोमाग पिल्लूही धडपडत बाहेर आलं.

त्याच सुमाराला निकालाचा निरोप आला. सुंद्राबाई उडत नदीपलीकडे गेली. न्यायालयात न्यायसुलभता सप्ताह चालू होता. सगळ्या दारांना तोरणं होती. ती वरूनच आत उतरली.

"अर्ज मंजूर," अजगरसाहेब म्हणाले. नाकावर अजून खूण होती. "रंगरावांनी ढोलीच्या फटीतून अर्जदाराला रोज फळं भरवावीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिंहमहाराजांचे डोळे पाणावले.

"साहेब," सुंद्राबाई म्हणाली, "ढोली मी फोडली. मी आता उडते. माझं मी खाते."

कुजबुज झाली. रंगरावांचे कोल्हे वकील पुढे झाले. "ढोलीला फट असल्याशिवाय हुकमाची अंमलबजावणी होणार कशी? अर्जदाराने ढोली पुन्हा लिंपावी आणि आत जाऊन बसावं."

"रास्त आहे," अजगरसाहेब म्हणाले.

"आणि गजराबाई नावाच्या त्रयस्थ शेकरूने मध्येच फळं भरवून माझ्या अशिलाला कर्तव्य करण्याची संधी नाकारली. तिलाही समज द्यावी."

"दिली," अजगरसाहेब म्हणाले.

रंगराव नम्रपणे उभे राहिले. "माझी पूर्ण तयारी आहे, साहेब. ही आत बसली की लगेच सुरू करतो."

सुंद्राबाईने त्यांच्याकडे पाहिलं. एके काळी हा आवाज ऐकून तिला उंबराची चव आठवायची. आता काहीच आठवलं नाही, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिने साहेबांना मान लववली, पंख पसरले आणि ती तोरणांवरून निघून गेली.

न्यायालयाने प्रकरण निकाली निघाल्याची नोंद केली. अर्जदार न्यायाच्या आवाक्याबाहेर गेल्याचं आढळलं, म्हणून तो आवाका वाढवण्यासाठी नवी समिती नेमण्यात आली.

बेहड्यावर गजराबाई पिल्लाला उंबर कसं फोडायचं ते शिकवत होती आणि त्याला शिव्याही देत होती.

"मिळाला का न्याय?" तिने विचारलं.

"मिळाला," सुंद्राबाई म्हणाली. "तिथेच ठेवून आले."

तात्पर्य: मुलांनो, न्याय दाराशी येऊ लागला तर त्याचं स्वागत जरूर करावं; फक्त तो जेवून आला आहे का, तेवढं आधी विचारावं.