चाकामागचा दगड

जीपचे ब्रेक बदलायचे, असं अर्ध्याने ठरवलं तेव्हा त्याची आई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसली होती आणि बाबा तिला समजावत होते की चूक तिचीच होती.

"उशिरा उतरलीस तू," बाबा म्हणाले. "मी वेळेवर ओरडलो होतो."

"हो ना, पायरीत चप्पल अडकली," आई म्हणाली. ज्या बाईच्या पायावरून चाक गेलं, तीच माफी मागत होती.

ती जीप अर्ध्यापेक्षा वयाने मोठी, आणि घरात तिचा मानही त्याच्यापेक्षा मोठा. (अर्ध्या हे नाव बाबांनीच ठेवलेलं, त्याने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं त्या दिवशी. गल्लीने ते इतक्या आवडीने उचललं की त्याचं खरं नाव आता जुन्या मार्कशीटलाच ठाऊक.) जीपच्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. पायाने चार वेळा पंप मारला की पाचव्यांदा गाडी थांबायचा विचार करायची. हँडब्रेकचा दांडा होता, पण तो बाबांची टोपी अडकवायला. त्यात घर चढावर. मग आई गोणपाटात गुंडाळलेला दगड मांडीवर घेऊन बाबांशेजारी बसायची. गाडी मंदावली की बाबा ओरडायचे, "दगड!" आणि आई उडी मारून तो मागच्या चाकाला लावायची. बाजारात, बँकेसमोर, लोकांच्या लग्नात नवीन कपडे घालून. अठ्ठावीस वर्षं.

बाबांना याची लाज नव्हती, कौतुक होतं. "आमच्या हिची प्रॅक्टिस बघा," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्या पिढीत बाईच्या हातात दगड देणाऱ्याला कर्ता पुरुष म्हणत असावेत.

"मी ब्रेक बदलतो," अर्ध्या म्हणाला. "आई यापुढे दगड घेऊन उतरणार नाही."

"तुला पेपर झेपले नाहीत, ब्रेक झेपणार?"

"सहा महिने गॅरेजात काय झोपा काढतोय का मी?"

"ते गॅरेजवाल्याला विचारायला हवं," बाबा म्हणाले.

एकच चाक उघडून बघायचं, इतकाच बेत होता. ड्रम निघेना. हातोड्याने निघाला, तर आत ब्रेकचं लायनर कधीच झिजून संपलेलं. नुसते रिव्हेट ड्रमला घासत होते. म्हणून दुसरं चाक उघडलं. तिथे ब्रेकचं तेल गळत होतं. म्हणून तेलाच्या पाइपाला हात लावला, तर पाइप बिस्किटासारखा हातात आला. चौथ्या दिवशी जीप विटांवर उभी होती आणि तिचं पोट अंगणभर वर्तमानपत्रांवर पसरलेलं होतं. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले.

"हा स्क्रू उरला बघ तुझा. एक स्क्रू विसरला की अख्खं कुटुंब खलास."

"बाबा, तो तुमच्या खुर्चीचा आहे."

(त्यांना ते पटलं नाही. संध्याकाळी खुर्ची मोडली तेव्हा पटलं.)

अकराव्या दिवशी काम संपलं. पुढच्या चाकांना डिस्क, मागे नवे ड्रम, आणि हँडब्रेकला नवी केबल, थेट मागच्या चाकांपर्यंत. अर्ध्याने गोणपाटासकट दगड उचलला आणि कुंपणापलीकडच्या नाल्यात फेकला. इतकं बरं त्याला कॉलेज सोडतानाही वाटलं नव्हतं.

"हँडब्रेक ओढला की गाडी बोटभर मागे सरकते आणि मग घट्ट बसते," त्याने आईला तीनदा बजावलं. "घाबरायचं नाही. जागचं हलायचं नाही. आणि बाबा, तुम्ही ओरडायचं नाही."

"नाही हलणार," आई म्हणाली.

बाबांनी चालवायला नकार दिला. "मी मागे बसतो. पोलिसांना सांगायला कुणीतरी शुद्धीवर लागेल." आई पुढे बसली. मांडी रिकामी होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

चढाच्या मध्यावर अर्ध्याने ब्रेक दाबला. एकदाच. जीप जागच्या जागी गपकन थांबली आणि बाबा पुढच्या सीटच्या लोखंडी पाइपावर तोंडघशी आदळले. अर्ध्याने हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी उभी होती. चढावर, दगडाशिवाय. अर्ध्याचे डोळे भरून आले. मग केबल करकरली आणि जीप बोटभर मागे सरकली.

"दगड!"

आई केव्हाच बाहेर होती. चांगल्या पायावर उतरली, तो मुरगळला, कडकन आवाज झाला, ती रस्त्यावर बसली. हातात दगड नाही हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग तिने बसल्या बसल्या पुढे सरकून प्लास्टरचा पाय चाकामागे घातला.

"लावला!" ती ओरडली.

जीप त्या बोटभरापुढे तसूभरही हलली नव्हती. अर्ध्या अठ्ठावीस वर्षांचा राग घेऊन मागे वळला. "कितीदा सांगितलं होतं ओरडू नका म्हणून! सवय जात नाही ना तुमची?"

बाबांचा ओठ फुटला होता आणि तोंडात रुमाल कोंबलेला होता. त्यांनी फक्त बोट वर करून अर्ध्याकडे दाखवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुसऱ्या पायाला प्लास्टर घालता घालता विचारलं, "ब्रेक लागला नाही का?"

"ब्रेक उत्तम लागला," बाबा सुजलेल्या ओठांनी म्हणाले. अर्ध्याच्या कुठल्याही कामाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. "आणि हा ओरडला तर असा, की क्षणभर मला वाटलं मीच ओरडलो."

अर्ध्या जमिनीकडे बघत उभा राहिला. आईने त्याचा ग्रीसने काळा झालेला हात हातात घेतला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," ती म्हणाली. "तू वेळेवर ओरडलास. मीच उशिरा उतरले."