मामा दार तोडत नाही

चावीवाल्या भावाने बहिणीच्या कादंबरीचं एकशे चाळिसावं पान वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, मामा खांद्याने दार तोडतो? मी?"

"तू नाहीस रे. कादंबरीतला मामा. घरावर संकट आलं की धावून येतो."

"चावीवाला आहे ना तो? मग दार कशाला तोडेल? धंद्यातले लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

ताईचं लक्ष घड्याळाकडे होतं. अकरा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी न्यायला प्रकाशकांचा माणूस पाच वाजता यायचा होता. आज चुकलं तर पुन्हा वर्षभर नंबर लागणार नव्हता. साडेचार होऊन गेले होते.

"दोन मिनिटं दे. खरा कारागीर कसा उघडतो ते बघ, आणि तसं लिही."

भावाने खोलीचं दार लावलं. खिशातल्या पेचकसाने आतली मूठ काढली आणि भोकातल्या, दोन्ही मुठी जोडणाऱ्या लोखंडी कांडीला बोट लावलं. कांडी पलीकडे सरकली आणि बाहेरच्या मुठीसकट खण्णकन खाली पडली.

दोघं दाराकडे बघत राहिली.

"आता उघड," ताई म्हणाली.

"उघडतो की. माझी पिशवी दे."

"कुठंय?"

"हॉलमध्ये."

ताईने कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला हाक दिली, "अहो!"

लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याने घरात एक खिळा ठोकला नव्हता. मेहुणा ठोकू देत नसे. साधा बल्ब बदलायला गेला तरी, "दाजी, हात लावू नका, लागेल तुम्हाला."

"दाजी," मेहुणा आतून ओरडला, "मूठ पडलीय बघा. कांडी भोकात घाला आणि फिरवा."

"मी हात लावू?"

"लावा हो!"

"लागलं म्हणजे मला?"

"ताई, सांग ना ह्यांना!"

"लावतो," नवरा म्हणाला. "पण आधी एक सांग. कादंबरीत माझं काय केलंयस?"

आत ताईने घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, पावणेपाच झाले!"

"म्हणूनच विचारतोय."

"तुम्ही... दुसऱ्या ओळीत वारलात."

"इतक्या लवकर?"

"बाई विधवा नसेल तर मामाला काम काय उरतं?"

"आजारी होतो का गं?"

"नाही. एकदम गेलात. त्रास झाला नाही तुम्हाला."

"आणि तुला?"

ताईने टेबलावरची पानं सारखी केली. मग म्हणाली, "तीनशे पानं."

बाहेर कांडी खरखरली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा बसली आणि दार उघडलं. नवरा मूठ हातात धरून उभा होता, स्पर्धेत बक्षीस मिळाल्यासारखा. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि टेबलावरचं पेन उचललं.

"ती ओळ खोडते. जगवते तुम्हाला."

"मग मामाचं काय?" भाऊ घाबरला.

"येईल अधूनमधून चहाला."

"नको गं, मेलेलाच बरा," नवरा म्हणाला. "जगलो तर तीनशे पानं ह्याच्या धाकात काढावी लागतील."

तेवढ्यात बेल वाजली. प्रकाशकांचा माणूस वेळेचा पक्का होता. ताईने कादंबरी छातीशी धरली आणि त्याला दारातच सांगितलं,

"पुढच्या वर्षी या. घरात एक माणूस वाढलाय."