अकरा पानांचा परिचय

चाकूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी कॉमर्सला फक्त सतरा अर्ज आले होते. वीस झाले नाहीत तर तुकडी बंद, आणि तुकडीबरोबर बुद्धप्रिया मॅडमची नोकरीही बंद. पण लातूर जिल्ह्यात दहावी झालेलं पोरगं डॉक्टर व्हायला नाही म्हणालं, तर घरचे आधी त्याची दृष्ट काढतात.

म्हणून मॅडमनी पोरांना समजवायला नांदेडहून अकाउंटन्सीचे प्राध्यापक डॉ. धोंडप्पा सरांना बोलावलं. सरांनी आपला परिचय आधीच धाडला होता. अकरा पानं! वाचायला उभी राहिली नुकतीच दहावी पास झालेली तनुजा, कारण माईकला न घाबरणारी तेवढी एकच होती.

"दोन मिनिटांत उरक," प्राचार्य अण्णाराव सरांनी बजावलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "अगं लांबव, लांबव! पाहुणे अहमदपूरपाशी टायर बदलून राहिले!"

तनुजानं लांबवलं. एम.कॉम., एम.फिल., पीएच.डी.; विषय, साखर कारखान्यांच्या यंत्रांवरचा घसारा. घसारा म्हणजे वस्तू वापरून वापरून तिची किंमत उतरते ते. चौथ्या पानापर्यंत अर्ध्या पोरांचा घसारा झाला होता.

अकरावं पानही संपलं. गाडीचा पत्ता नाही.

"झालं का गं? जाऊ का घरला?" मागच्या रांगेतला विनोद नावाचा पोरगा ओरडला आणि उठलाच. त्याच्यामागे अख्खी रांग. मॅडमचा चेहरा बघवेना. तनुजानं कोरं पान समोर धरलं आणि खणखणीत वाचायला लागली.

"सरांचं सगळ्यात गाजलेलं संशोधन म्हणजे लग्नातली जिलेबी! एका लग्नात दोन पातेली गायब झाली. सरांनी आचाऱ्याची वही मागवली, वाढप्यांच्या फेऱ्या मोजल्या, अन् पंगत उठायच्या आत चोर धरला!"

"कोण व्हता?" विनोद खाली बसला.

"नवरदेवाचा मामा! पातेली गाडीच्या डिकीत!"

हॉल जागा झाला. "सर फळ्यावर शिकवतच न्हाईत," तनुजा सुटली. "पोरांना आठवडी बाजारात नेतात, अन् वही बघून लबाड कोण ते हुडकायला लावतात."

"आम्हाला बी नेतील?"

"हाव! पण फकत कॉमर्सवाल्यांना."

एवढं बोलून तिनं मान वर केली. दारात धोंडप्पा सर उभे होते. टायरनं हात काळे. कधीपासून उभे होते, देव जाणे.

सर माईकपाशी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत विनोद उठला, "सर, मामानं कबूल केलं का वो?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हात जोडले होते.

"न्हाई," सर म्हणाले, "पण त्याच्या शर्टाला पाक लागलेला होता."

टाळ्या थांबेनात. विनोदनं तिथंच अर्ज भरला, शेजारच्यालाही भरायला लावला. एकोणीस! बाकीच्यांचे बाप मेडिकलच्या क्लासची फी भरून मोकळे झाले होते.

"तेवीस वर्षं घसारा शिकवून राहिलो," सर तनुजाला म्हणाले. "कुणी एक प्रश्न इचारला न्हाई. तू कुठं घेतलीस गं ॲडमिशन?"

"मी... सायन्सला, सर."

"वा गं वा!" विनोद उसळला. "आम्हाला इकडं ढकलून तू डॉक्टर व्हणार?"

मॅडम उरलेला कोरा अर्ज फाइलीत परत ठेवायला लागल्या. तेच तनुजाला जास्त लागलं. तिनं विसावा अर्ज ओढला, नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

"पण पप्पांना कोण सांगणार?"

"मी येतो की घरी," सर म्हणाले. "फकत परिचय तू करून दे."