मौजे जरीपटका येथे फटफटी दाखल जाहली त्याची हकीकत

चिरंजीव सौभाग्यवती नीलाबाई, मुक्काम वर्धा, यांसी शेजारी भैयाजी, मौजे जरीपटका, शहर नागपूर, यांचा आशीर्वाद. आपण पोस्टकार्ड पाठवोन पुसले की, आमचे माहेरी तीस वर्षे सायकलीचा अंमल चालत असता फटफटी कोणत्या कारणे आली, मसलत कोणी केली, झुंज कैसे पडले, आणि आईसाहेबांचे नाव त्यात कोठून निघाले, ते साद्यंत लिहिणे. त्यास, आपले तीर्थरूप लिहितील तर आपली बाजू राखोन लिहितील, आणि आपले बंधू लिहितील तर फटफटीचेच वर्णन करितील, सबब हे काम आम्हांकडे आले. आम्ही कुंपणाचे अलीकडे उभे राहोन अवघे डोळ्यांनी पाहिले, आणि जे पाहिले नाही ते खोदोन खोदोन पुसले. त्या घरचा चहा पुष्कळ प्यालो आहो, परंतु तेवढ्याने भीड धरणार नाही. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सरे, वैशाख मासी, उन्हाने डांबर पाघळत असता घडले ते येणेप्रमाणे.

आपणांस ठाऊकच आहे, तरी रिवाज म्हणोन लिहितो. आपले तीर्थरूप राजश्री दादाजी गार्डसाहेब, मालगाडीचे शेवटचे डब्यात उभ्या जन्माची चाकरी करोन पेन्शनीत आले; नोकरी सुटली, शिटी सुटली नाही. घरात अंघोळ, जेवण, पाहुण्यांचे जाणे, सर्व शिटीवर चाले. त्यांचे चिरंजीव मनोहरराव हे कोराडीचे विजेचे कारखान्यात फिटर. कारखान्याची बस इंदोरा चौकातून सहा वाजोन दहा मिनिटांनी सुटे, आणि मनोहरराव चौकात सहा वाजोन बारा मिनिटांनी पोचत, आणि मग सायकल हाणीत कोराडीचा मार्ग धरीत, आणि कोळशाचे ट्रक दोहों बाजूंनी धूळ उडवीत जात, आणि मग फाटकावरील पहारेकरी त्यांचे काळे तोंड पाहोन पास मागत. ऐसे एका महिन्यात तीन वेळा जाहले. वरिष्ठांकडून लेखी ताकीद आली की, चौथे वेळी उशीर जाहल्यास पक्क्या नेमणुकीची आशा सोडावी.

इतक्यात गल्लीतील लहानूजी पानवाले यांस छातीत कळ आली. सायकलरिक्षा शोधता पाऊण तास गेला, आणि रिक्षा आली तेव्हा बसणारा उरला नव्हता. दादाजी खांदा देवोन परत आले, आणि दोन दिवस भाकरीस हात लाविला नाही, कारण दोघे एका वयाचे आणि दोघांस रक्तदाबाची गोळी एकच. सरदार भ्याला ऐसे सहसा कोणी लिहीत नाही; परंतु दादाजी भ्याले, आणि त्यात लाजण्याजोगे काही आहे ऐसे आम्हांस वाटत नाही.

तिसरे दिवशी शिटी वाजवोन दरबार भरविला आणि हुकूम सोडिला. घरात यंत्रावर चालणारी दोनचाकी येईल. ती रोज मनोहररावांस वेळेवर कोराडीस पोचवील, आणि बाका प्रसंग आला तर रोग्यास बारा मिनिटांत मेयो इस्पितळात नेईल. कोणती गाडी लायक हे लोकांचे तोंडचे ऐकोन ठरणार नाही. गाड्या उसन्या आणोन त्यांची तालीम घेतली जाईल. रेल्वेत उतारू बसल्याविना झेंडी दाखवीत नाहीत, त्याअर्थी आधी रोगी बसेल, मग यंत्र सुरू होईल.

कामगिऱ्या वाटोन दिल्या त्या ऐशा. गाडी हाकणार मनोहरराव. रोगी खुद्द दादाजी. ते अंगणात बाजेवर निजोन स्वतःच शिटी वाजवितील, तो प्रसंग आला ऐसे समजावे. शिटी होताच आईसाहेब मनकर्णाबाई यांनी आतील खोलीतून धावत येवोन कागदांची पिशवी, पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा आणि दुपट्टा रोग्याचे हवाली करावा, आणि मग तैसेच धावत जावोन फाटक उघडावे. रोग्याचे जागी दुसरे कोणाचे नाव कोणास सुचले नाही. आम्हांसही सुचले नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.

पहिली तालीम मोपेडीची. बाजारातील एका शिंप्याची मोपेड मागोन आणिली. शिटी जाहली, मनकर्णाबाई धावल्या, पिशवी पोचली, फाटक उघडले, आणि स्वारी मोठ्या डौलाने निघाली. चौकापर्यंत लोक वाट देत होते. मग रेल्वेपुलाचा चढ लागला, आणि दोन पुरुषांचे ओझे पाहोन मोपेडीने जागीच माघार घेतली. मनोहरराव पायडल मारू लागले, आणि पायडलानेही यश येईना, आणि मग रोगी खाली उतरला, आणि रोग्याने गाडीस मागून रेटा दिला. पूल चढोन जाईतो दादाजींचा सदरा भिजला. वाटेत एका भल्या माणसाने त्यांस पुसले, "बाबाजी, तब्येत बरी नाही काय? इतकं काहून ढकलून राहिले?" त्यावर दादाजी बोलले, "तब्येत बरी नाही म्हणूनच ढकलून राहिलो." इस्पितळ गाठण्यास एकतीस मिनिटे लागली. मोपेड शिंप्याकडे मानाने परत गेली.

इकडे मनकर्णाबाई फाटक उघडोन तेथेच ओट्यावर बसल्या होत्या. पदर तोंडास लावोन बहुत वेळ बसल्या. आम्ही कुंपणावरोन पुसले तो म्हणाल्या, "ऊन लागलं जी." वैशाखात नागपुरी ऊन कोणास लागत नाही? म्हणोन आम्ही पुढे काही पुसले नाही.

दुसरी तालीम स्कूटरीची. आपले मामा चंपतराव यांची स्कूटर, रंग आकाशी, दर रविवारी खोबरेल लावोन पुसलेली. चंपतराव बोलले की, माझे गाडीस परका हात चालत नाही, आजचे दिवशी हाकणार मीच. त्यास मान्यता मिळाली. शिटी जाहली. मनकर्णाबाई पिशवी घेवोन धावल्या. दादाजी नियमाप्रमाणे आधी मागे बसले, पिशवी छातीशी धरिली. आता आपणांस ठाऊक आहे की, या शहरात स्कूटर सुरू करण्यापूर्वी ती एका अंगावर पार जमिनीपर्यंत कलती करोन पेट्रोल उतरवावे लागते, आणि ज्याने हे व्रत पाळिले नाही तो दुपारपर्यंत किक मारीत बसतो. चंपतराव हे व्रत आठ वर्षे पाळीत आले. हात सवयीने चालला. त्यांनी स्कूटर डावीकडे कलविली.

रोगी डावीकडेच गेला. प्रथम पिशवी गेली, मग रोगी गेला, आणि मोगऱ्याचे वाफ्यात जेथे नुकतेच पाणी सोडिले होते तेथे उभयतांची गाठ पडली. चंपतराव मागे न पाहता किक मारोन निघाले, आणि फाटकाबाहेर पडोन थेट मेयोपर्यंत गेले, आणि तेथे "उतरा भाऊजी" म्हणोन वळोन पाहिले तो मागे कोणी नाही. वेळ मात्र नऊ मिनिटे, म्हणजे सर्वांत उत्तम. चंपतराव आजतागायत सांगतात की, तालीम आमची गाडी जिंकली, रोगी टिकला नाही हा गाडीचा दोष नव्हे.

त्या दिवशी दादाजी चिखलासह घरात शिरले आणि मनकर्णाबाईंवर रागावले की, बाटली चार सेकंद उशिरा आली. बाईसाहेब ओट्यावरच होत्या. उत्तर दिले नाही. आम्हांस वाटले की रुसल्या आहेत. आता कळते की, उत्तर देण्याइतका दम नव्हता.

तिसरी तालीम फटफटीची. मनोहररावांचे मन आरंभापासून तिकडेच होते, हे घरातील मांजरासही माहीत. कोराडीचे त्यांचे सोबती मधुकरराव यांची बदली जाहली होती आणि फटफटी विकावयाची होती. ती अंगणात उभी केली तेव्हा काळी, तेलकट, आवाज ऐसा की कावळे उडोन गेले. आदले दिवशी मनोहरराव तीवर कोराडीस जावोन आले, आणि बसच्या आधी बारा मिनिटे पोचले, आणि पहारेकऱ्याने त्यांचे तोंड न पुसता ओळखिले. चाकरीचा अर्धा निकाल तेथेच लागला. उरली ती आणीबाणीची परीक्षा.

सकाळी साडेनऊस दादाजी बाजेवर निजले, घड्याळ पाहिले आणि शिटी वाजविली. मनकर्णाबाई धावत आल्या, पिशवी दिली, बाटली दिली, दुपट्टा दिला. रोगी बसला. मनोहररावांनी किक मारिली, फटफटी गर्जली, आणि मनकर्णाबाई फाटकाकडे धावल्या, आणि कडीस हात घातला, आणि कडी निघाली नाही. दादाजी मागून ओरडले, "फाटक! फाटक काहून नाही उघडत वं?" पाच सेकंद गेले. सात गेले. मग बाईसाहेब कडी धरलेल्या हातानेच खाली बसल्या, आणि छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येऊ लागला, आणि ओठ जांभळे पडले.

क्षणभर सर्वांस वाटले की, हाही तालमीचा भाग असेल. मग दादाजी फटफटीवरून खाली उतरले. कसे उतरले ते त्यांस आठवत नाही. चप्पल तेथेच राहिली.

आता मसलत पडली ती ऐशी. बायकांनी एका बाजूने बसावे हा गल्लीचा शिरस्ता, आणि तैसे बसावे तर बाईसाहेबांस तोल सावरत नव्हता. आम्ही रिक्षा पाहू लागलो. चंपतराव म्हणू लागले की स्कूटर आणतो. तेव्हा मनकर्णाबाईंनी हात वर करोन सर्वांस गप्प केले, नऊवारीचा काष्टा एका हाताने घट्ट केला, आणि तुटक तुटक बोलल्या, "एका बाजूनं... बसलो तं... पडतो मी. मनोहर... सरक पुढं." आणि पाय टाकोन पुरुषासारख्या बसल्या. गल्लीतील बायका दारात उभ्या होत्या, कोणी हसले नाही. दादाजींनी आपला दुपट्टा घेवोन मायलेकास कमरेशी एकत्र बांधिले. गाठ बसेना, म्हणोन आम्ही बांधिली. फाटक कोणी उघडिले ते नमूद नाही. फटफटी गेली.

मग पासष्ट वर्षांचे दादाजी, ज्यांस जिना चढण्यास डॉक्टरांनी मनाई केली, ते जुनी सायकल काढोन, दांड्यास कागदांची पिशवी अडकवोन, अनवाणी मागे निघाले. शिटी गळ्यात लटकत होती, ती वाजविली नाही. रेल्वेपुलाचा तोच चढ उतरल्याविना चढले, हे चंपतरावांनी आणि त्यांचे मागे बसोन आम्ही स्कूटरीवरोन पाहिले आणि बसा म्हणोन विनविले, परंतु ऐकिले नाही.

मेयोत डॉक्टरांनी सुई दिली, प्राणवायू लाविला, आणि म्हणाले की, जुना दमा आहे, दहा मिनिटे आणखी गेली असती तर कठीण होते. मग पूर्वीचे कागद मागितले. दादाजींनी मोठ्या तत्परतेने पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी एक एक कागद पाहिला आणि म्हणाले, "हे तर तुमचेच आहेत सगळे. यांचे कुठे?"

बाईसाहेबांचे नावाचा एकही कागद नव्हता. दादाजी उभे राहिले. सुपारी लागली तरी ज्यांनी तारीख वार टिपोन ठेविला, त्यांस बायकोचे दुखणे कधीचे हे सांगता येईना. शेवटी खाटेजवळ वाकोन, तीस वर्षांत प्रथमच, आज्ञेचा सूर टाकोन पुसले, "कवापासून होऊन राहिलं वं हे?"

मनकर्णाबाई बोलल्या, "चार वर्सं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"कवा सांगू जी? तुमी बाजेवर निजून राहता, अन् मी फाटकाशी."

यावर दादाजी रडले. सर्वांदेखत, वॉर्डातील लोकांदेखत रडले. मनोहररावांनी तोंड फिरविले. आम्ही मात्र पाहिले, आणि आपणांस कळावे म्हणोन लिहिले.

येणेप्रमाणे फटफटीने मोहीम फत्ते केली. मधुकररावांकडून ती कायमची आली, लिंबू-मिरची बांधिली, मनोहरराव त्या दिवसापासून एकदाही उशिरा पोचले नाहीत. नवा हुकूम ऐसा की, घरात रोगी कोण हे शिटीने ठरणार नाही. ज्यास त्रास होईल त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. दर गुरुवारी दादाजी बाईसाहेबांस औषधास नेतात, आणि डॉक्टरांपुढे त्या बोलत असता मध्ये तोंड घालीत नाहीत, हे त्यांचे आयुष्यातील सर्वांत कठीण झुंज होय. पैकी दोन गुरुवारी हरले, बाकीचे जिंकले.

हे लिहीत असता बाईसाहेब अंगणातील वाळवण फिरवीत कुंपणाशी आल्या आणि ओरडल्या, "भैयाजी, सकाळपासून काय लिहून राहिले गा इतकं? माया पोरीले एकच लिहा, म्हणा माय बरी आहे, अन् तिचा बाप आता इचारते, म्हणा."

एवढे सारे त्या एका दमात बोलल्या. मध्ये कोठे थांबल्या नाहीत. हीच फत्ते, हे खरे जाणोन दस्तुरखुद्द लिहिले.